टाळेबंदीनंतरचा धडा: रोकड आधी, वेबसाइट नंतर

टाळेबंदीत ऑनलाइन विक्री करणारे तरले आणि बाकीचे बुडाले, हा निष्कर्ष मला अर्धाच पटतो. 2020 मध्ये विक्री थांबली तरी भाडे, पगार आणि कर्जावरचे व्याज चालूच होते, आणि ज्यांचा नफा उधारीत किंवा पडून राहिलेल्या मालात अडकला होता, त्यांच्याजवळ कागदावर पैसा असूनही हातात रोकड नव्हती. म्हणून विक्री शून्यावर आली तर किती आठवडे तग धरता येईल, हा हिशेब आधी मांडावा, आणि सक्तीच्या बंदच्या काळात भाडे कमी करण्याचे कलम भाडेकरारात लेखी घालून घ्यावे. (तोंडी आश्वासनांचे काय होते, ते सांगायला नको.) विम्यावरही विसंबू नये: व्यवसाय खंडित होण्याचा विमा बहुधा आग किंवा पूर यांमुळे मालमत्तेच्या झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीशी बांधलेला असतो, त्यामुळे केवळ सरकारी आदेशाने दुकान बंद राहिल्यास अनेक पॉलिसी लागूच होत नाहीत. ऑनलाइन विक्रीचे म्हणाल, तर दुसऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर कमिशन जाते आणि ग्राहकांची माहितीही बहुधा त्याच्याकडेच राहते. त्यापेक्षा नेहमीच्या ग्राहकांचे फोन क्रमांक, त्यांच्या संमतीने, स्वतःच्या वहीत असणे मला अधिक मोलाचे वाटते.