प्लेटलेट चढवताना थंडी वाजून ताप आला, पिशवीत जंतू असतील का?

पलूसची लेक
वडिलांची किमो मिरजेत चालू आहे. प्लेटलेट घटून ८ हजारच उरल्या म्हणून परवा पिशवी लावली. दहा-पंधरा मिनिटांत त्यांचे दात वाजायला लागले, ताप १०२. सिस्टरनी लगेच पिशवी बंद केली, सलाईन लावलं, पिशवी आणि वडिलांचं रक्त कल्चरला, म्हणजे जंतू वाढतात का ते तपासायला, पाठवलं. आता ताप नाही. पण पिशवीवर तर सगळ्या टेस्ट निगेटिव्ह लिहिल्या होत्या! पुढच्या आठवड्यात परत लागणार आहेत, आणि आई म्हणते, आता नकोच.

रक्तपेढीवाले काका, सांगली
ताई, सिस्टरनी केलं ते अगदी बरोबर. मी २२ वर्षं रक्तपेढीत टेक्निशियन होतो. पिशवीवर लिहिलेल्या टेस्ट म्हणजे एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया. साध्या जिवाणूंची तपासणी त्यात येत नाही. लाल पेशी २ ते ६ अंशांवर फ्रिजमध्ये राहतात, पण प्लेटलेटला थंडी चालत नाही. त्या २० ते २४ अंशांवर, सतत हलत्या ट्रेवर ठेवतात. सुई टोचताना दात्याच्या कातडीवरचा एखादा जंतू आत गेला, तर तेवढी ऊब त्याला पुरते. म्हणून तर त्यांची मुदत ५ दिवसांचीच. दंड नीट पुसणं आणि पहिलं थोडं रक्त बाजूच्या छोट्या पिशवीत घेणं, यासाठी मी पोरांच्या मागे लागायचो.

पण ताप म्हणजे जंतूच असं नाही. दात्याच्या पांढऱ्या पेशींमुळेही असाच ताप येतो, आणि ते जास्त वेळा घडतं. कल्चर काय सांगतं ते बघा. पांढऱ्या पेशी गाळलेली पिशवी मिळेल का, हे डॉक्टरांना विचारा. आईंना सांगा, प्लेटलेट ८ हजारच असताना त्या न देण्यात रक्तस्रावाचा धोका मोठा आहे. पिशवी आली की वॉर्डात पडून राहू देऊ नका, फ्रिजमध्ये तर मुळीच नको. पहिली १५ मिनिटं तुम्ही स्वतः बाबांजवळ बसा.

तासगावचा रक्तदाता
काकांचं वाचून एक कबुली द्यावीशी वाटते. गणपतीतल्या शिबिरात मी जुलाबाचं लपवलं होतं, मंडळाचा आकडा कमी पडायला नको म्हणून. डॉक्टरांनी खोदून विचारलं आणि परत पाठवलं. तेव्हा फार राग आला होता.

रक्तपेढीवाले काका, सांगली
दादा, त्यांनी कुणाचा तरी जीव वाचवला असेल. जुलाबाचा येर्सिनिया नावाचा एक जंतू फ्रिजातल्या लाल पेशींतही वाढतो. दात्याला बरं वाटत असलं तरी तो रक्तात असू शकतो. तिथं फ्रिज कामाला येत नाही, तुमचं खरं उत्तरच येतं.

पलूसची लेक
कल्चर आलं, काही वाढलं नाही. काल गाळलेली पिशवी लावली. आई पूर्ण वेळ बाबांचा हात धरून बसली होती. ताप आला नाही. काका, तुमचं लिहिलेलं मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.