स्ट्रिंग ऑफ पर्ल्सला वरून टक्कल पडतंय, पाणी वाढवू का?

बाल्कनी_डोंबिवली
हिवाळ्यात नर्सरीतून स्ट्रिंग ऑफ पर्ल्सची हँगिंग कुंडी आणली, तेव्हा एकदम भरगच्च होती, आता पाऊस सुरू झाल्यापासून वरचा भाग उघडा पडलाय, खाली लोंबणाऱ्या दोऱ्या हिरव्या आहेत पण मणी, म्हणजे त्याची गोल पानं, सुरकुतलेत. कुंडी छताच्या हुकला आहे, पाऊस डायरेक्ट लागत नाही. आठवड्यातून दोनदा पाणी घालते. सासूबाई म्हणतात तहानलंय ते, अजून घाल. घालू का?

मातीखत
थांबा ताई, आधी मातीत बोट घालून बघा. माती कोरडी आणि मणी सुरकुतलेले असतील तर तहान. पण माती ओली असूनही सुरकुतलेत म्हणजे मुळं कुजलीत, मग पाणी कितीही घाला, ओढायला खाली काही उरलेलंच नाही. नर्सरीवाले नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) लावून देतात आणि आपल्याकडे जुलैत ते वाळतच नाही. हिरव्या दोऱ्या कापून घ्या, एक-दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग उथळ मातीच्या कुंडीत वेटोळं करून वरच ठेवा, पुरू नका, पेरांपाशी मुळं फुटतात. मिक्समध्ये अर्ध्याहून जास्त जाड वाळू, विटांचा बारीक चुरा, परलाइट (पांढरे हलके खडे), जे मिळेल ते, बाकी कुजलेलं पानांचं खत.

कॅक्टसवेडा
वरचं सगळं बरोबर पण मला खरा घोळ हुकचा वाटतो. हे मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्टर्न केपच्या कोरड्या भागातलं, तिथे ते लोंबत नाही, झुडपांच्या आणि दगडांच्या आडोशाला जमिनीवर सरपटतं आणि टेकेल तिथे मूळ धरतं. प्रत्येक मण्यावर एक पारदर्शक रेघ असते बघा, तिच्यातून उजेड आत जातो. छताला टांगलं की कुंडीच्या माथ्यावर उजेड पडतच नाही, म्हणून टक्कल. डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याखाली आणा. आणि नेटवर शोधताना सेनेसिओ रोलियानस आणि क्युरिओ रोलियानस दोन्ही शास्त्रीय नावं टाका, 1968 ला सेनेसिओ म्हणून नोंदलं होतं, नंतर क्युरिओत गेलं. रोलियानस हे ब्रिटिश वनस्पतीतज्ज्ञ गॉर्डन रोली यांच्यावरून.

नागपूरकर
उजेड द्या म्हणून कोणी दुपारच्या उन्हात ठेवू नका हं, आमच्याकडे मे महिन्यात मणी अक्षरशः भाजून निघतात. पूर्वेचं सकाळचं ऊन, नंतर ग्रीन नेट. मिलीबग ही कीडही बघा, पेरांत कापसासारखं पांढरं दिसलं तर नीम ऑइल, तेही संध्याकाळी.

बाल्कनी_डोंबिवली
बोट घातलं, माती चिकट ओली आहे 😐 उपटलं तर मुळं हातातच आली, काळी. हिरव्या दोऱ्या कापून पेपरवर पसरल्यात. घरात मांजर आहे, चालेल ना?

मातीखत
नाही चालणार, विषारी आहे, मांजर-कुत्रा-लहान मूल सगळ्यांपासून लांब. टांगायचा तेवढा एक फायदा होता बघा. मांजर उडी मारेल असं टेबल नको, भिंतीला ब्रॅकेट मारा आणि लोंबणाऱ्या दोऱ्या अधूनमधून कापत जा.

सह्याद्री_भटक्या
थोडं अवांतर. मोत्यांसारखंच सूर्यफुलाच्या कुळातलं आपलं देशी सक्युलंट (पाणी साठवणारं मांसल झाड) आहे की, वांदररोटी, क्लायनिया ग्रँडिफ्लोरा. डोंगरातल्या कातळांवर दिसते, जाड मांसल पानं, खोडावर गळलेल्या पानांचे वण, फिकट पिवळी फुलं. तिच्याबद्दल कोणी का विचारत नाही कळत नाही, सगळ्यांना मोतीच पाहिजेत. फक्त डोंगरातून उपटून आणू नका, कोणाकडे असेल तर फांदी मागा.

बाल्कनी_डोंबिवली
वांदररोटी बघते! शेवटचं एक, मोत्यांना फुलं येतात का कधी?

कॅक्टसवेडा
येतात, छोटी पांढरी, पाकळ्या नाहीत, ब्रशसारखे गुच्छ, आणि वास चक्क दालचिनीचा. पण आधी मुळं धरू देत, तोवर पाण्याचा झारा सासूबाईंच्या हाती देऊ नका 😄