कॅन्सरच्या घरी डबे पोचवणं म्हणजे नुसतं आपल्या मनाचं समाधान?

सुलभा_डोंबिवली
काल इथे एकांनी लिहिलं, "शेजारी कॅन्सर निघाला की बायका लगेच डब्यांचा ग्रुप काढतात. पेशंटला घास जात नाही, डबे वाया जातात. पैसे द्या आणि घरी बसा." रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते.

२०१९ साली आईला गालाचा कॅन्सर झाला. जन्मभर मिश्री लावायची. ऑपरेशननंतर रेडिएशन, आठवड्याचे पाच दिवस, सहा आठवडे. सकाळी सहाला आम्ही डोंबिवलीहून निघायचो, परळहून परत यायला दुपारचे तीन वाजायचे. घरी बाबा, वय ७२, चहापलीकडे काही न येणारे. बिल्डिंगमधल्या पाच घरांनी वार वाटून घेतले. आम्ही जिना चढून यायचो तेव्हा दाराच्या कडीला पिशवी अडकवलेली असायची. तिसऱ्या आठवड्यात आईचं तोंड आतून सोलून निघालं, नुसतं मीठ लागलं तरी डोळ्यांतून पाणी. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मऊ भात आणि मुगाचं वरण मिक्सरमधून काढून, तूप घालून, गाळून पाठवायच्या. झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर पेनाने लिहिलेलं: "तिखट नाही. मीठ बेताचं."

आणि डबा एकट्या पेशंटसाठी असतो हे कुणी ठरवलं? त्या सहा आठवड्यांत बाबा रोज दोन्ही वेळा जेवले ते त्याच डब्यांवर.

जुना_परळकर
ते वाक्य माझंच. बायकोच्या केमोच्या वेळी फ्रिजमध्ये एका वेळी पाच डबे होते. कोशिंबीर, वर कच्ची कोथिंबीर पेरलेले दहीवडे, झणझणीत उसळ. दहाव्या दिवशी पांढऱ्या पेशी उतरल्या, ताप चढला, ॲडमिट करावं लागलं. कोशिंबिरीनेच ताप आला असं मी म्हणत नाही. पण कच्चं काही देऊ नका हे मी तीनदा सांगितलं होतं.

दुसरं म्हणजे आपल्याकडे डबा रिकामा परत करायचा नाही. ती भिंतीला धरून ओट्याशी जायची, प्रत्येक डब्यात चमचाभर साखर घालायची. मी ओरडायचो, ती ऐकायची नाही. आजारी बाईवर हे ओझं कशाला? आणि डबा घेऊन आलेली माणसं तासभर बसून कुणाची नणंद याच आजाराने गेली ते सांगायची. तिच्यासमोर!

वॉर्डातली_ताई
तीस वर्षं नर्स होते. परळकरांचा राग मला कळतो. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या दिवसांत ताजं, शिजवलेलं, गरम द्यायचं. सकाळचा भात संध्याकाळी नको. ग्रुपमध्ये एकाच माणसाने घरच्यांना रोज विचारायचं आणि बाकीच्यांना कळवायचं. पाच जणींनी पाच फोन करायचे नाहीत.

पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. आमच्या कॉलनीतल्या ग्रुपमध्ये अंडं चालत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, मऊ, गिळायला सोपं. पेशंट जन्माचा मांसाहारी, आणि त्याला रोज साबुदाण्याची खीर!

अन्नसेवा_ठाणे
आमचा ग्रुप शाकाहारी आहे आणि राहील. भांडी आमची, गॅस आमचा, हातही आमचे. पनीर, मूग, नाचणीचं सत्त्व, ताक यातून प्रथिनं मिळत नाहीत का? सेवा करणाऱ्याने स्वतःचं व्रत मोडावं अशी सक्ती करू नका.

वॉर्डातली_ताई
सक्ती कुणी केली? नाही जमत तर तसं सांगा, अंडं दुसरं कुणी उकडून देईल. पण "आजारपणात तरी सोडा आता" असं पेशंटला ऐकवायचं नाही. हे माझ्यासमोर बोललं गेलंय.

कोळीवाडा_७७
माझा भाऊ शेवटचे दोन महिने फक्त मांदेलीच्या कालवणातलं पाणी आणि भात मागायचा. एकही डबेवाली बाई ते द्यायला तयार नव्हती. शेवटी आमच्या गल्लीतल्या मावशीने दिलं, काटा न् काटा काढून. व्रत तुमचं, भूक त्याची. कुणाचं मोठं?

अन्नसेवा_ठाणे
तुम्ही आम्हाला माणुसकी शिकवू नका. चार वर्षांत एकही रविवार चुकवलेला नाही.

सुलभा_डोंबिवली
धागा अंड्यावर नेऊ नका, हात जोडते.

बीडचा_अजय
न्यायलाच हवा. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून परळला आहे, आणि आजही बाहेरच्या फुटपाथवर बिहार-बंगालपासून आमच्या बीडपर्यंतची माणसं बसलेली असतात. त्यांना कुठली बिल्डिंग आणि कुठल्या काकू? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. वडिलांचे उपचार सरकारी योजनेतून झाले, पण भाड्याच्या खोलीत राहून रोज रेडिएशनला नेणाऱ्या मुलाची भाकरी योजनेत बसत नाही. आमच्या शेजारच्या खोलीत एक बंगाली बाई होती, माशाशिवाय तिला घास उतरायचा नाही. तुम्ही शेजारी म्हणता तो फक्त आपल्या जिन्यातला का?

जुना_परळकर
अजय, हे मान्य. परळमध्ये वाढलो, तो फुटपाथ रोज बघितलाय आणि रोज ओलांडून गेलोय.

सुलभाताई, "घरी बसा" हा शब्द मागे घेतो. बाकीचं नाही घेत. पैसे द्या हे मी आजही म्हणेन, कारण पैशाचा डबा धुवून परत करावा लागत नाही.

सुलभा_डोंबिवली
पैसे आईने घेतले नसते. डबा घेतला. साखर तीही घालायची. शेवटच्या आठवड्यात बोलता येत नव्हतं तेव्हा खुणेने मला सांगून घालायला लावायची. तुम्हाला ते ओझं वाटलं, मला वाटतं तेवढी एकच गोष्ट तिच्या हातात उरली होती. तुमच्या घरात ते ओझं झालं असेल, नाही म्हणत नाही.

जुना_परळकर
असेल. मी तिला कधी विचारलं नाही.

अन्नसेवा_ठाणे
ताई, कच्चं देऊ नये हे आमच्या ग्रुपवर आत्ता टाकलंय. अंड्याबद्दल आमचं मत तेच आहे.

कोळीवाडा_७७
मग मांदेलीचं आमच्याकडे सोपवा. परळला मंगळवारी आणि शुक्रवारी येऊ शकतो. अजय, खोल्या कुठल्या गल्लीत आहेत ते सांग.