‘सावत्र’ म्हटले की रक्ताचे नाते तुटते का?

धरमपेठवासी

नागपूर जिल्ह्यातील आमच्या गावच्या शेतीचा वारसफेरफार (जमिनीच्या नोंदीत वारसांची नावे लावणे) करायचा असल्याने मी घराण्याची वंशावळ लिहीत आहे. आजोबांच्या पहिल्या पत्नी वारल्यावर त्यांनी दुसरे लग्न केले. पहिल्या आजींचा मुलगा म्हणजे आमचे मोठे बाबा. दुसऱ्या आजींची मुले म्हणजे माझे वडील आणि दोन आत्या. घरात कधी भेदभाव झाला नाही. परंतु प्रतिज्ञापत्राचा मसुदा करणाऱ्या गृहस्थांनी मोठ्या बाबांच्या नावापुढे ‘सावत्र’ असे लिहून रक्तनात्याच्या रकान्यात ‘नाही’ अशी नोंद केली, आणि ती मला अजिबात पटलेली नाही. अशा नात्याला नेमके काय म्हणावे व कागदावर काय लिहावे?

निवृत्त अव्वल कारकून

ती नोंद चुकीची आहे. सही करण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ३ मध्ये एकाच पुरुषाच्या एकाच पत्नीपासून झालेली संतती पूर्णरक्ताची, एकाच पुरुषाच्या भिन्न पत्नींपासून झालेली अर्धरक्ताची, तर एकाच स्त्रीची परंतु भिन्न पतींपासून झालेली सहोदर नात्याची, असे तीन प्रकार सांगितले आहेत. तुमचे वडील आणि मोठे बाबा अर्धरक्ताचे भाऊ ठरतात, म्हणजे रक्ताचेच. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमातही विवाहास निषिद्ध नाती ठरवताना अर्धरक्ताचे नाते पूर्णरक्ताइतकेच धरले आहे.

आजोबांचे वारस म्हणून दोघेही मुलगेच आहेत, त्यात कमी-जास्त काही नाही. फरक पडतो तो भावाचा वारसा भावाकडे जाण्याची वेळ आली तर: इतर सर्व बाबतीत नाते सारखे असेल तेव्हा कलम १८ नुसार सख्ख्या भावाला सावत्र भावापेक्षा अग्रक्रम मिळतो. तुमच्या फेरफारात तो प्रश्नच येत नाही. वंशावळीत आजोबांच्या नावाखाली ‘पहिली पत्नी (मयत)’ आणि ‘दुसरी पत्नी’ अशा दोन शाखा काढून प्रत्येकीखाली तिची मुले लिहावीत. मग नात्याचे वेगळे विशेषण लावावेच लागत नाही.

मराठीच्या अध्यापिका

या गोंधळाचे मूळ बोलीतल्या वापरात आहे. वडील एक आणि आया दोन असलेल्या भावंडांनाही आपण सावत्र म्हणतो, आणि सावत्र आईने पहिल्या लग्नातून सोबत आणलेल्या मुलालाही सावत्र भाऊच म्हणतो. वास्तविक पहिल्या जोडीत रक्त आहे, दुसऱ्या जोडीत नाही. चुलत, मावस, आते, मामे अशी नाते कोणत्या बाजूने आले ते नेमके सांगणारी विशेषणे असलेल्या भाषेत याच ठिकाणी एका शब्दावर दोन अर्थ लादले गेले आहेत, म्हणून कागदपत्रात ‘सावत्र’ एकटा ठेवू नये. ‘वडील एक, आई भिन्न’ असे स्पष्ट लिहावे.

‘मोठे बाबा’ हा आपल्या वैदर्भीय घरांतला फार आपुलकीचा शब्द आहे आणि तो बोलण्यात जरूर टिकावा, परंतु अर्जात ‘वडिलांचे थोरले भाऊ’ असेच लिहावे, कारण इतर भागांतून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला मोठे बाबा म्हणजे आजोबा वाटू शकतात. इतर नात्यांतही अशीच काळजी घ्यावी. आजोबांचे भाऊ ते चुलत आजोबा आणि वडिलांचे चुलत भाऊ ते चुलत काका, हे घरात सर्वांना कळते. कागदावर मात्र ‘आजोबांच्या भावाचा मुलगा’ अशी कडीला कडी जोडणेच सुरक्षित.

महालकर

दोन्ही आत्यांची नावे वंशावळीत आहेत ना, हे आधी पाहावे. लग्न होऊन गेल्या म्हणून त्यांना गाळण्याची पद्धत अजून अनेक घरांत दिसते आणि तिचा मला मनापासून राग येतो, कारण आडनाव बदलल्याने रक्त बदलत नाही आणि वारसाहक्कही जात नाही. १९५६ पासूनच मुलगी वडिलांच्या पहिल्या वर्गातील, म्हणजे सर्वांत आधी हक्क पोचणारी, वारस आहे, आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला जन्मतः मुलाइतकाच हक्क दिला. आत्या हयात नसतील तर त्यांच्या नावापुढे ‘मयत’ लिहून खाली त्यांचे वारस, म्हणजे यजमान हयात असल्यास ते आणि तुमची आतेभावंडे, नोंदवावेत.

धरमपेठवासी

सर्वांचे आभार. मसुद्यात आत्यांची नावे खरोखरच नव्हती. दोन्ही आजींच्या शाखा वेगळ्या दाखवून, चारही भावंडे एका ओळीत घेऊन मी नवा मसुदा करून घेत आहे.