मदत हवी आहे: सेस्ना १७२ चा फ्लेअर जमत नाही, सोलो अडकला आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनजवळच्या एका छोट्या विमानतळावर प्रायव्हेट पायलट लायसन्ससाठी शिकते आहे. नोकरी सांभाळून, म्हणजे आठवड्यातून दोनदा, तेही हवा बरी असेल तर. वय त्रेचाळीस. टीएसएची (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था) परवानगी, थर्ड क्लास मेडिकल, स्टुडंट पायलट सर्टिफिकेट, एफएएची (तिथली विमान वाहतूक नियामक संस्था) लेखी परीक्षा, सगळं पार पडलं आहे. राहिलंय ते लँडिंग, त्यातही फ्लेअर, म्हणजे टेकण्याआधी नाक थोडं उचलून विमान हळूच बसवणं. त्यावाचून इन्स्ट्रक्टर सोलोची, म्हणजे एकटीने उडायची, सही देत नाही, आणि देऊही नये, हे मला पटतं.

पॅटर्न, म्हणजे उतरण्याआधीचा रनवेभोवतीचा फेरा, व्यवस्थित येतो. डाउनविंडला (रनवेला समांतर, उलट दिशेने) हजार फूट, रनवेच्या आकड्यांच्या बरोबरीला आलं की पॉवर कमी, फ्लॅप (पंखामागच्या झडपा) १० अंश, बेसला (रनवेकडे वळताना) २०, फायनलला (रनवेच्या सरळ रेषेत) ३० आणि ६५ नॉट. पापीचे (उतरण्याचा कोन बरोबर आहे का ते दाखवणारे) दोन पांढरे, दोन लाल दिवे दिसत असतात. रेडिओवरही अडत नाही. रनवे सुरू होईपर्यंत विमान माझ्या हातात असतं. त्यानंतरच्या काही सेकंदांत सगळं बिनसतं.

कधी योक (विमानाचं हँडल) लवकर ओढला जातो. विमान वरच तरंगत राहतं, वेग मरतो आणि मग धपकन खाली येतं. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसा पोटात गोळा येतो. कधी याच्या बरोबर उलट, ओढायला उशीर होतो आणि तिन्ही चाकं एकदम आपटतात. आमच्या विमानतळावर गर्दी असली की आम्ही शेजारच्या मोठ्या विमानतळावर जाऊन टच अँड गो (टेकून लगेच पुन्हा उडणं) करतो. तिथेही तीच गत.

दुसरी गोष्ट इन्स्ट्रक्टरची. तरुण आहे, शांत आहे, मनापासून शिकवतो. पण शेवटच्या क्षणी त्याचा हात योकवर येतो. लँडिंग चांगलं झालं की म्हणतो, हे तुझंच होतं. मला मात्र खात्री नसते.

फ्लेअरच्या वेळी नेमकं कुठे बघायचं? तो सांगतो रनवेच्या टोकाकडे बघ. टोकाकडे बघितलं की खालची जमीन किती जवळ आली ते कळत नाही. घरच्या सिम्युलेटरवर सराव करून फायदा होईल का? इन्स्ट्रक्टर बदलावा का? विमानाचे तासाला पावणेदोनशे डॉलर, शिक्षकाचे वेगळे, आणि मुलीचं कॉलेज तोंडावर आलं आहे. त्यामुळे नुसते तास वाढवत राहणं परवडणारं नाही. पण सोडायचंही नाही. कराडला लहानपणी धावपट्टीच्या कुंपणाला चिकटून छोटी विमानं बघत उभी राहायचे, तेव्हापासूनचं मनात आहे.

आकाशकंदील

अगदी हीच अवस्था. माझी विमानं पायपर, बाकी अक्षरन् अक्षर तेच. वाचते आहे.

सह्यकडा

ताई, मी ॲरिझोनात शिकवतो. आधी एक विचारतो: तुमचा घरचा रनवे किती रुंद आणि शेजारचा किती? आणि लवकर ओढणं कुठे होतं, उशीर कुठे होतो, हे कधी वेगवेगळं मांडून पाहिलंय का?

कृष्णाकाठ

घरचा ७५ फूट, शेजारचा १५० फूट. लॉगबुकातले शेरे काढून बघितले. वरून आपटणं जवळजवळ सगळं मोठ्या रनवेवरचं आहे. तिन्ही चाकं एकदम टेकणं घरच्या रनवेवरचं. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!

सह्यकडा

मग निम्मं कोडं सुटलं. रुंद रनवे दिसला की डोळ्यांना वाटतं आपण खाली आलो, म्हणून हात लवकर मागे येतो. अरुंद रनवेवर वाटतं अजून उंच आहोत, म्हणून उशीर होतो. प्रत्येक पायलटच्या डोळ्यांना हे होतं, त्यात वयाचा काही संबंध नाही. तुम्ही मात्र दोन्ही रनवे आलटून पालटून वापरता आहात, त्यामुळे एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी पुसलं जातं. काही आठवडे एकच रनवे धरा. माझं मत विचाराल तर घरचा, कारण सोलो तिथेच होणार.

दुसरी गोष्ट सीटची. १७२ च्या नव्या मॉडेलमध्ये सीट खाली-वर करता येते. प्रत्येक वेळी वेगळं विमान मिळत असेल तर सीटही वेगळ्या उंचीवर लावलेली असणार. डोळे दोन-तीन इंच वर-खाली झाले की काउलिंगवरून (इंजिनावरच्या झाकणावरून) दिसणारं सगळं चित्र बदलतं. उडण्याआधी जमिनीवरच सीट अशी लावा की काउलिंगच्या कडेवरून क्षितिज रोज एकाच जागी दिसेल. लागली तर उशी घ्या, त्यात कमीपणा नाही.

आता मुख्य मुद्दा. फ्लेअर किती वेळ चालतो? पाच-सहा सेकंद. तासाभरात सात-आठ टच अँड गो होतात. म्हणजे तासाच्या पैशात तुम्हाला फ्लेअरचा सराव पाऊण मिनिट मिळतो, आणि तेवढ्यातही दुसऱ्याचा हात योकवर. एवढ्या सरावात कुणाचेच डोळे तयार होत नाहीत. तेव्हा जमिनीलगतचा वेळ वाढवा. इन्स्ट्रक्टरला सांगा की आपण रनवेवरून नुसतं उडत जाऊ, टेकायचं नाही. थोडी पॉवर ठेवायची, पाच-दहा फुटांवर विमान धरायचं, सेंटरलाइनवरून सरळ जायचं आणि अर्धा रनवे संपायच्या आत गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. थ्रॉटल तो सांभाळेल, योक आणि रडर (पायाने नाक डावीउजवीकडे वळवणारा) तुमच्याकडे. एका फेरीत पंधरा-वीस सेकंद मिळतात. रनवे लांब हवा आणि वारा शांत हवा. टॉवर असेल तर आधी 'लो अप्रोच' मागून घ्या. हे मात्र तुमच्या छोट्या रनवेपेक्षा शेजारच्या लांब रनवेवर करा. तिथे फक्त विमान स्थिर धरायला शिका. उंचीचा अंदाज घरच्या रनवेवर पक्का होऊ द्या.

नजरेबद्दल: अप्रोचवर नजर एमिंग पॉइंटवर, काचेत जो बिंदू हलत नाही त्यावर. तो बिंदू नाकाखाली जायला लागला की नजर उचलून लांब न्या. खालची जमीन बघायची गरज नाही, ती डोळ्यांच्या कोपऱ्यांतून कळते. रनवेच्या दोन्ही कडा बाजूंनी वर येताना दिसतात. याच कारणामुळे घरच्या सिम्युलेटरवर फ्लेअर शिकता येत नाही. एका पडद्यावर कोपरेच नसतात. चेकलिस्ट, रेडिओ, पॅटर्नचा क्रम यासाठी तो जरूर वापरा.

आणि हाताबद्दल: योक एकदम ओढायचा नाही. विमान जेवढं खाली बसायला बघेल तेवढाच मागे न्यायचा. बसणं थांबलं की हात थांबवायचा. वर निघालं तर नाक खाली दाबू नका. तिथेच धरा, फार वर गेलं असेल तर फुल पॉवर आणि गो-अराउंड. उसळलेल्या १७२ चं नाक खाली दाबलं की पुढचं चाक आधी आपटतं, आणि मग नोज गिअर, फायरवॉल, प्रॉपेलर यांची मोडतोड होते.

खानदेशी_वारा

मी धुळ्याला, गोंदूरच्या विमानतळावर शिकलो. सह्यकडा यांनी सगळं नेमकं सांगितलंय, मी फक्त दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली, वेळ. खानदेशात दुपारी अकरानंतर तापलेल्या शेतांवरून वर येणारी हवा विमानाला फायनलवर अक्षरशः उचलते आणि पुढे रनवेच्या आधी खाली सोडते. तुमच्या टेक्सासच्या उन्हाळ्यात यापेक्षा वेगळं काय असणार? ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी पाचला उडत असाल तर ती दिवसातली सगळ्यात त्रासाची हवा. सकाळी सूर्य उगवल्याबरोबरची वेळ मागा. फ्लेअर शिकेपर्यंत तरी.

दुसरी, वेग. ६५ ठरवून ७२ ने रनवेवर आलात तर विमान बसणारच नाही. पंखांची लांबी ३६ फूट आहे. जमिनीपासून तेवढ्या उंचीच्या आत आलं की ग्राउंड इफेक्ट लागतो, ड्रॅग (हवेचा विरोध) कमी होतो आणि जादा वेग मरेपर्यंत ते तरंगत राहतं. अशा वेळी योक जरा जास्त मागे आला की बलून, म्हणजे विमान पुन्हा वर उचललं जातं. आमचे इन्स्ट्रक्टर कुंपण ओलांडताना मोठ्यांदा वेग बोलायला लावायचे. पासष्ट! मी अजून बोलतो.

जाता जाता, इकडे डीजीसीएच्या (भारताची विमान वाहतूक नियामक संस्था) पीपीएललाही (प्रायव्हेट पायलट लायसन्स) तुमच्यासारखेच किमान ४० तास आहेत, पण त्यांतले २० सोलो. एफएए १० सोलो मागते. इथे लँडिंग स्वतःच्या हाताने न येऊन चालतच नाही, म्हणून शिक्षक हात लवकर सोडतात. तुम्हीही तुमच्या शिक्षकाला हाताची घडी घालून बसायला सांगा. स्पष्ट सांगा. तो रागावणार नाही.

पश्चिमवारा

माझं मत थोडं वेगळं आहे. इन्स्ट्रक्टर कायमचा बदलू नका, पण एक-दोन धडे दुसऱ्याबरोबर घ्याच. शाळेत जो सगळ्यात जुना आहे त्याच्याबरोबर. अमेरिकेतले बहुतेक तरुण इन्स्ट्रक्टर एअरलाइनला लागणारे १,५०० तास भरायला शिकवत असतात. त्यात गैर काही नाही, माझा पहिला शिक्षक असाच होता आणि उत्तम होता. पण शिकाऊ माणसाचं लँडिंग किती बिघडू द्यायचं आणि कुठल्या क्षणी हात घालायचा, हा अंदाज अनुभवानेच येतो. नव्या शिक्षकाला भीती वाटते आणि तो लवकर हात घालतो. जुना शिक्षक शेवटपर्यंत थांबतो. तुम्ही पार्ट ६१ (एफएएच्या प्रशिक्षण नियमांचा एक प्रकार) खाली शिकत असाल तर कुठल्याही शिक्षकाबरोबर उडालेले तास लॉगबुकात धरले जातात, वाया काहीच जात नाही.

खर्चाचंही बोलतो. किमान ४० तास हा नियम झाला. प्रत्यक्षात बहुतेकांना ६० ते ७५ तास लागतात. घरात हिशेब मांडताना हाच आकडा धरा, म्हणजे ४० ओलांडल्यावर आपण मागे पडलो असं वाटणार नाही.

आकाशकंदील

मध्येच विचारते, क्षमस्व. माझा नवरा एच-वन-बीवर आहे, त्यालाही शिकायचंय. टीएसएचं काय काय करावं लागलं?

कृष्णाकाठ

अमेरिकन नागरिक नसलेल्या प्रत्येकाला लागतं, ग्रीन कार्डवाल्यांनाही. टीएसएच्या फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्रामच्या पोर्टलवर खातं, कागदपत्रं, फी, बोटांचे ठसे. मंजुरी येईपर्यंत शाळा शिकवायला सुरुवात करू शकत नाही, म्हणून विमानाची वेळ ठरवायच्या आधी अर्ज करा.

कृष्णाकाठ

मंडळी, सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं लिहिलेलं इन्स्ट्रक्टरला तोंडी भाषांतर करून ऐकवलं. तो रनवेच्या रुंदीचं ऐकून गप्प झाला आणि म्हणाला, हे मी आधी बघायला हवं होतं. सकाळची पहिली वेळ मागून घेतली. सीटची उंची ठरवली, सीट वर-खाली करणाऱ्या चक्राचे किती फेरे ते वहीत लिहून ठेवलं.

लो अप्रोचने सगळ्यात जास्त फरक पडला. त्याचे हात मांडीवर होते, मला दिसत होते. पहिल्या फेरीला विमान वर-खाली होत राहिलं. पुढच्या फेऱ्यांत कडेच्या गवताकडे न बघताही ते कळायला लागलं. वीस फुटांवर गवत नुसता हिरवा पट्टा असतो. आणखी खाली आलं की त्यात वेगवेगळे झुपके दिसायला लागतात, आणि रनवेच्या कडेचे दिवे डोळ्यांच्या कोपऱ्यात वर चढतात. ती उंची आता ओळखीची झाली आहे. मग घरच्या रनवेवर परतलो आणि तिथली लँडिंग माझी होती, यात शंका नाही. पुढचं चाक नंतर, हळूच टेकलं. स्टॉल वॉर्निंगचा (वेग फार कमी झाल्याचा इशारा देणारा) हॉर्नही वाजला, तो टेकण्याच्या जरा आधी वाजणं चांगलं असं त्याने सांगितलं.

आता नवीन अडचण. टेकताना मी सतत सेंटरलाइनच्या डावीकडे असते. वारा नसतानाही. आणि थोडा आडवा वारा आला की आणखीच.

सह्यकडा

अभिनंदन, ताई. हे वाचून फार बरं वाटलं.

डावीकडे जाणं हे डाव्या सीटवर बसणाऱ्या प्रत्येकाचं. विमानाचं नाक आपल्यासमोर आहे असं वाटतं, खरं ते आपल्या उजवीकडे असतं. सेंटरलाइन तुमच्या उजव्या मांडीखालून जाते आहे असं बघा. सुरुवातीला आपण फार उजवीकडे आलो असं वाटेल. वाटू द्या, शिक्षक सांगेल. टॅक्सी करतानाही याच रेषेवर राहिलात तर डोळ्यांना फुकट सराव होतो.

आडव्या वाऱ्यात दोन वेगळी कामं आहेत आणि ती वेगळीच ठेवा. रडरने नाक रनवेच्या रेषेत, आणि एलरॉनने (पंखाच्या टोकाजवळच्या झडपेने) वाऱ्याच्या बाजूचा पंख थोडा खाली, म्हणजे वाहून जाणं थांबेल. वाऱ्याच्या बाजूचं चाक आधी टेकणार, ते बरोबरच आहे. टेकल्यावर एलरॉन सोडू नका, वेग कमी होईल तसा वाऱ्याच्या दिशेला वाढवत न्या. हेसुद्धा लो अप्रोचमध्येच शिका, अख्खा रनवे एका चाकावर जायचंय असं समजून.

आणि सोलोची सही आता दूर नाही, म्हणून एक आत्ताच सांगतो. शिक्षक उतरला की विमान एका माणसाने हलकं होतं. टेक-ऑफला लवकर उचलतं, चढतंही भराभर. हजार फूट तुम्हाला वाटतं त्याच्या आधीच येतील, तेव्हा उंचीवर लक्ष ठेवा. फ्लेअरलाही नेहमीपेक्षा जास्त वेळ तरंगेल. योक तिथेच धरून थांबा, ते बसेल. नाहीच बसलं तर गो-अराउंड करा, हवे तितक्या वेळा. जुना शर्ट घालून जा, सोलोनंतर पाठीमागचा तुकडा कापून घ्यायची इकडे पद्धत आहे.