अक्षय ऊर्जा वाढली की जीडीपी घटतो? गुणांक ऋण येतोय

राजारामपुरी_एमए: शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्रकल्प आहे. जागतिक बँकेची भारताची १९९० पासूनची आकडेवारी घेतली आहे: एकूण ऊर्जावापरातला अक्षय ऊर्जेचा टक्का आणि स्थिर किमतींचा दरडोई जीडीपी. रिग्रेशनमध्ये (एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध मोजायची पद्धत) गुणांक ऋण, म्हणजे एक वाढला की दुसरा घटतो; आर-स्क्वेअर (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं त्याचं माप, कमाल १) ०.९ च्या वर. सोलर एवढा वाढतोय, मग चिन्ह उलटं का?

दसराचौक: भावा, त्या टक्क्यात जळाऊ लाकूड आणि शेणीसुद्धा धरलेल्या असतात. घरात गॅस आला की चूल विझते, टक्का उतरतो, आणि त्याच वर्षांत उत्पन्न चढतं. १९९० मध्ये निम्म्यावर असलेला टक्का पुढं एक तृतीयांशाच्या आसपास आला, तो मुख्यतः यामुळे. तुझं रिग्रेशन चुलीबद्दल सांगतंय, सोलरबद्दल नाही.

टक्का सोड, प्रत्यक्ष तयार झालेली वीज युनिटमध्ये घे. मेगावॅट (नुसती क्षमता) घेतलास तर पुन्हा फसशील: १ मेगावॅट सोलर वर्षाला १४-१५ लाख युनिट देतो, तेवढाच औष्णिक संच ६० टक्के चालला तरी ५२ लाख. मोठे जलविद्युत प्रकल्प आपल्याकडे मार्च २०१९ पासून अक्षय ऊर्जेत धरतात. एकट्या कोयनेचे १,९६० मेगावॅट आहेत, त्यामुळे अक्षय ऊर्जेच्या सरकारी आकड्यांची मालिका तिथं उडी मारते. जलविद्युत सुरुवातीपासून धर, नाहीतर पूर्ण वगळ.

आर-स्क्वेअरवर भाळू नकोस. दोन्ही मालिका काळाबरोबर सरकत असल्या की तो असाच फुगतो. आकड्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घे, एडीएफ चाचणी कर (मालिका स्थिर आहे, म्हणजे काळाबरोबर सरकत नाही ना, हे ती तपासते). दोनदा फरक (या वर्षातून मागचं वर्ष वजा) घेऊनच स्थिर होणारी मालिका नसेल तर एआरडीएल बाउंड्स चाचणी (मालिकांत दीर्घकालीन नातं आहे का ते पाहणारी) चालते. निरीक्षणं जेमतेम तीस-पस्तीस, लॅग (मागच्या किती वर्षांचे आकडे घ्यायचे) दोनच्या वर नको.

शिरोली_फाउंड्री: दिशाही तपासा. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण ५५०-६०० युनिट लागतात. ऑर्डरी वाढल्या, बिल चढलं, की कारखानदार सोलरकडे वळतो. म्हणजे आधी वाढ, मग अक्षय ऊर्जा. ग्रेंजर चाचणी (एकाच्या मागच्या आकड्यांवरून दुसऱ्याचा अंदाज सुधारतो का ते पाहणारी) दोन्ही बाजूंनी लावा.

कळंबा_रोड: पाऊस घातल्याशिवाय मॉडेल पुरं होत नाही. पाऊस कमी झाला की धरणाची वीज घटते, शेतीचं उत्पन्नही घटतं. उसाला फटका पुढच्या गळिताला बसतो, आणि बगॅस (उसाचं चिपाड) उसाच्या वजनाच्या २८-३० टक्के, म्हणजे ते जाळून कारखान्यात होणारी सहवीजही तेव्हाच पडते. म्हणून पाऊस चालू वर्षाचा आणि एक लॅगचा, दोन्ही घ्या. जागतिक बँकेचं भारतासाठीचं २०१५ म्हणजे आर्थिक वर्ष २०१५-१६. विजेचे आकडे त्याच वर्षाशी जुळवा.