शुभेच्छा घेतो, पण परिपत्रक नको

'नास्तिक असून गणेशोत्सवाच्या शुभेच्छांना धन्यवाद म्हणणं हा दुटप्पीपणा' असं काहीजण म्हणतात, ते मला पटलं नाही. कोल्हापूरच्या दसरा चौकातला सोहळा आटोपून गल्लीत आलं की शेजारचे काका हातात आपट्याची पानं ठेवतात, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणतात. ते काही माझी श्रद्धा तपासत नसतात. मी सोनं घेतो, वाकून नमस्कारही करतो. ईदला 'मुबारक' म्हणतो आणि शिरखुर्मा दोनदा मागतो. (तत्त्व म्हणून शिरखुर्मा नाकारणारा नास्तिक मला अजून भेटायचाय.) मंडळाची पोरं आली की वर्गणीही देतो, डॉल्बीला सोडून.

खटकतं ते सरकारी कार्यालयाच्या लेटरहेडवर देवाचा फोटो लावून शुभेच्छा निघतात तेव्हा. तिथं बोलणारा शेजारी नसतो, शासन असतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ५१क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य ठरवलं. ऑफिसात सत्यनारायण घालणारे साहेब त्यातून वगळल्याचं तिथं कुठं लिहिलेलं नाही. आणि हे कोल्हापुरात सांगावं लागतं, जिथं १९११ मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळावर सत्यशोधक समाज उभा राहिला! सुट्टी द्या, बंदोबस्त ठेवा, रस्ते झाडा. शुभेच्छांचं आमचं आम्ही बघतो.